दुकानाबाहेरचा छापील फलक टिकावा कसा: पुण्याच्या उन्हापावसासाठी साहित्यनिवड

बाहेर लावलेला छापील फलक लांबून एकच वस्तू वाटतो, पण तो किमान सहा थरांचा असतो: शाई, ज्यावर छपाई झाली ते व्हिनाईल, शाईवरचे लॅमिनेशन, व्हिनाईलच्या पाठीचा गोंद, ते जिच्यावर चिकटवले ती शीट आणि हे सगळे पेलणारी लोखंडी चौकट. फलकाचे आयुष्य यांतल्या सर्वांत दुबळ्या थराइतकेच असते. सात वर्षे टिकणाऱ्या व्हिनाईलवर दोन वर्षांत विटणारी शाई वापरली, तर फलक दोनच वर्षांचा होतो आणि व्हिनाईलसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. त्यामुळे ‘चांगले मटेरियल वापरा’ एवढी सूचना छपाईवाल्याला देऊन काही साधत नाही. प्रत्येक थराचे नाव, जाडी आणि प्रत आपल्याला ठाऊक हवी आणि ती दरपत्रकात लिहून घेता आली पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

पहिली पायरी: फलक कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते पाहा

साहित्य ठरवण्याआधी जागा पाहावी, कारण एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी हवामाने असतात. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतचा काळ सोडला, तर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो आणि हिवाळ्यात तो बराच खाली उतरतो. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या उत्तर बाजूच्या दुकानांची तोंडे दक्षिणेला असल्यामुळे, समोरच्या इमारतीची सावली नसेल तर, ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या व निरभ्र महिन्यांत त्यांच्या फलकांवर जवळजवळ दिवसभर ऊन असते. समोरच्या बाजूच्या फलकांना त्याच्या निम्मेही ऊन लागत नाही.

बाजीराव रस्त्यासारख्या उत्तर-दक्षिण रस्त्यावर वेगळी अडचण असते. पूर्व बाजूच्या दुकानाचा फलक पश्चिमेला तोंड करून असतो, एप्रिल-मेच्या दुपारचे सर्वांत तापलेले ऊन तो खातो, आणि पुढे नैऋत्येकडून येणारा मोसमी पाऊसही आधी त्याच्यावरच आपटतो. माझ्या मते पुण्यात सर्वांत कठीण जागा ही पश्चिमाभिमुख भिंतच, आणि तिथे साहित्याची प्रत एक पायरी वरची घ्यावी. उत्तराभिमुख फलकाचे रंग जास्त टिकतात, पण भिंत पावसाळाभर ओलसर राहत असल्याने त्याच्यावर शेवाळाचा हिरवट थर धरतो. तिथे महागड्या शाईपेक्षा पुसता येणारे लॅमिनेशन आणि न गंजणारे स्क्रू यांवर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

फलक किती कलता आहे हेही पाहावे. व्हिनाईल कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकांत दिलेली वर्षे उभ्या लावलेल्या फलकासाठी, आणि बहुतेकदा आपल्यापेक्षा थंड हवामानासाठी, असतात. छज्जावर तिरका किंवा आडवा लावलेला फलक ऊन, पाऊस आणि साचलेली धूळ असे तिन्ही सोसतो, म्हणून त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे धरावे.

दुसरी पायरी: फलक किती काळ हवा आहे ते आधी ठरवा

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांच्या मांडवाला किंवा दिवाळीच्या सवलतीच्या जाहिरातीला सात वर्षांचे साहित्य वापरणे ही उधळपट्टी आहे. दुकानाच्या नावाच्या पाटीला मांडवाचे फ्लेक्स वापरणे ही त्याहून मोठी उधळपट्टी, कारण फलक बदलताना छपाईबरोबर मजुरी, शिडी किंवा परांची, जुने काढणे आणि दुकानाचा अर्धा दिवस हा सगळा खर्च पुन्हा होतो. हा खर्च साहित्य स्वस्त असो वा महाग, सारखाच राहतो. म्हणून चौरस फुटाच्या दरापाशी न थांबता लावणावळीसह एकूण खर्च काढावा आणि त्याला अपेक्षित वर्षांनी भागावे. असा वार्षिक खर्च मांडला की महाग वाटलेले साहित्य बहुतेक वेळा स्वस्त ठरते.

तिसरी पायरी: फ्लेक्स घेणार असाल तर

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टर धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर. बाजारात ते जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरच्या ग्रॅम वजनावर, विकले जाते. साधे फ्लेक्स २२० ते २८० जीएसएमच्या आसपास असते, स्टार फ्लेक्स ३४० ते ५१० जीएसएमपर्यंत मिळते. मात्र वजनाच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये. पीव्हीसीमध्ये चुनखडीची भुकटी भरपूर मिसळली की वजन वाढते आणि ताकद मात्र कमी होते. खरी ताकद धाग्याच्या जाडीत, म्हणजे डेनिअरमध्ये, आणि चौरस इंचातील धाग्यांच्या संख्येत असते. त्यामुळे जीएसएमबरोबर डेनिअरही विचारावा.

तपासणी हातानेही करता येते. नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागून घ्या आणि तो दुमडून घडीवरून नख दाबून फिरवा. भरताड जास्त असेल तर घडीवर पांढरी रेघ उमटते आणि ती पुसूनही जात नाही. मग कडेला नखाने उचकटून पाहा. थर सुटून आतली जाळी उघडी पडली, तर ते फ्लेक्स पहिल्या पावसाळ्यात कडेपासून सुटेल असे समजावे, कारण त्या फटीतून पाणी धाग्यांबरोबर आत शिरते. शेवटी तुकडा आडवा आणि उभा दोन्ही दिशांनी फाडून पाहावा. एका दिशेने सहज फाटणाऱ्या फ्लेक्सला वारा त्याच दिशेने फाडतो.

शिलाईकडे आणि आयलेटकडेही, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांकडेही, तेवढेच लक्ष द्यावे. कड दुमडून उष्णतेने जोडलेली असावी, आयलेट त्या दुपदरी कडेतच आणि साधारण दर दीड फुटाला असावीत. फ्लेक्स सैल बांधले तर ते वाऱ्यात फडफडते आणि आयलेटपाशी फाटते, म्हणून ते चौकटीवर चारही बाजूंनी ताणून बसवावे. वारा जावा म्हणून फ्लेक्समध्ये अर्धवर्तुळाकार चिरा पाडण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग थोडा आणि नुकसान जास्त, कारण प्रत्येक चीर ही फाटण्याची सुरुवात असते. उंचावर किंवा मोकळ्या मैदानाच्या कडेला वारा खरोखरच अडचणीचा असेल, तर जाळीदार फ्लेक्स घ्यावे.

चौथी पायरी: व्हिनाईलची जात ओळखा

कायमच्या पाटीसाठी माझी पसंती शीटवर चिकटवलेल्या व्हिनाईललाच आहे. व्हिनाईलच्या तीन जाती लक्षात ठेवाव्यात: मोनोमेरिक, पॉलिमेरिक आणि कास्ट. पीव्हीसी मुळात कडक असते. ते लवचिक करण्यासाठी त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात. मोनोमेरिक फिल्ममध्ये त्याचे रेणू लहान असल्याने ते उन्हात हळूहळू बाहेर पडतात, काही गोंदात उतरतात, आणि फिल्म ठिसूळ होऊन आकसते. फलकाच्या कडेला गोंदाची काळपट रेघ दिसू लागली, धूळ तिला चिकटू लागली आणि कोपरे वर वळले, की फिल्म आकसली असे समजावे. पॉलिमेरिकमध्ये हे रेणू मोठे व जागेवर राहणारे असतात. कास्ट फिल्म लाटून बनवत नाहीत. द्रवरूप मिश्रणाचा पातळ थर ओतून ती तयार होते, म्हणून तिच्यात ताण साठलेला नसतो आणि ती फारशी आकसत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कास्ट फिल्म सुमारे ५० मायक्रॉनची, पॉलिमेरिक ७० ते ८० मायक्रॉनची आणि मोनोमेरिक ८० ते १०० मायक्रॉनची असते. म्हणजे हाताला जाड लागणारी फिल्म जास्त टिकाऊ असते हा ग्राहकांचा अंदाज बरोबर उलटा आहे. सावलीतल्या उभ्या पाटीला दोन-तीन वर्षांसाठी मोनोमेरिक चालते. उन्हातल्या सपाट पाटीला पॉलिमेरिक घ्यावी. गाडी, गोलाई किंवा रिव्हेट असलेला पृष्ठभाग असेल तर कास्टला पर्याय नाही.

कापीव अक्षरांच्या बाबतीत देवनागरीची एक खास अडचण आहे. शिरोरेखा अक्षरांना धरून ठेवते हे खरे, पण अनुस्वाराचा टिंब सुटा असतो, त्याच्या पाठीला गोंदाचे क्षेत्र अगदी थोडे असते आणि फलक पुसताना फडका सर्वांत आधी त्यालाच अडकतो. जुन्या पाट्यांवर अनुस्वार गळालेली नावे दिसतात ती यामुळे. चंद्रबिंदूलाही तोच धोका असतो. लहान आकाराच्या मजकुरासाठी कापीव अक्षरे टाळून सलग फिल्मवर छपाई करावी. मोठ्या नावासाठी कापीव अक्षरे हवीच असतील, तर टिंब मुद्दाम ठसठशीत ठेवायला सांगावे. अ‍ॅक्रिलिकच्या उठावदार अक्षरांत टिंबाला नुसत्या टेपवर न सोडता मागून स्वतंत्र खिळा द्यावा.

पाचवी पायरी: शाई आणि लॅमिनेशन

उन्हात जुना झालेला फलक निळसर दिसतो आणि आंब्याच्या रसाची किंवा मिसळीची जाहिरात आजारी वाटू लागते. छपाईत चार मूळ रंग असतात. त्यांपैकी काळ्यासाठी कार्बन ब्लॅक आणि निळसर सायनसाठी तांब्याचे संयुग असलेले थॅलोसायनिन ही रंगद्रव्ये अतिनील किरणांपुढे चांगली टिकतात. पिवळा आणि किरमिजी मॅजेंटा हे रंग मात्र आधी विटतात. लाल, केशरी आणि हिरवा हे या दोघांपैकी कोणत्या ना कोणत्या रंगावर उभे असल्याने ते सर्वांत आधी बदलतात. म्हणून पश्चिम किंवा दक्षिणेकडच्या पाटीची रचना करतानाच दुकानाचे नाव काळ्या किंवा गडद निळ्या रंगात ठेवले, तर कोणताही जादा खर्च न करता तिचे वाचनीय आयुष्य वाढते. लाल रंग हा दुकानाची ओळखच असेल, तर तो छापून न घेता त्याच रंगाची रंगीत व्हिनाईल फिल्म कापून वापरावी. चांगल्या प्रतीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग पूर्ण जाडीत मुरलेला असतो, छपाईत तो केवळ वरच्या पातळ थरात असतो.

शाईचे प्रकार सॉल्व्हंट, इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स आणि यूव्ही असे आहेत. यांतली कोणती श्रेष्ठ यावर वाद घालण्यापेक्षा शाई यंत्राच्या कंपनीने मान्य केलेली आहे का, हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे. बाटलीतून भरलेल्या बिननावाच्या शाईत रंगद्रव्य कोणत्या प्रतीचे आहे हे छपाईवाल्यालाही सांगता येत नाही. घाईच्या मोडमध्ये कमी पासमध्ये, म्हणजे यंत्राच्या कमी फेऱ्यांत, छापले तर शाईचा थर पातळ बसतो. बाहेरच्या कामासाठी जास्त पासची छपाई मागावी.

लॅमिनेशनवर काटकसर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. अतिनील किरण शोषणारी पारदर्शक फिल्म शाईला उन्हापासून, घासण्यापासून आणि धुराच्या काजळीपासून एकाच वेळी वाचवते. दोन अटी पाळाव्यात. पहिली अशी, की लॅमिनेशन आणि खालची फिल्म एकाच जातीची असावी. पॉलिमेरिकवर मोनोमेरिक लॅमिनेशन चढवले तर वरचा थर आकसतो आणि खालच्याला कडेपासून वर ओढतो. दुसरी अट वेळेची आहे. सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट छपाई लॅमिनेशनआधी किमान २४ तास मोकळी सुकायला हवी, आणि तीही घट्ट गुंडाळी करून नव्हे. शाईतले द्रावक आत कोंडले तर ते गोंद मऊ करते आणि बुडबुडे धरतात. ‘सकाळी फाइल द्या, संध्याकाळी बोर्ड लावतो’ असे आश्वासन मिळाले, तर यांपैकी कोणती पायरी वगळली जाणार आहे ते विचारून घ्यावे.

शंका असेल तर स्वतःच चाचणी करता येते. छपाईवाल्याकडून चारही रंगांच्या पट्ट्या असलेला हातभर नमुना त्याच शाईत आणि त्याच लॅमिनेशनसह छापून घ्यावा, त्याचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्यावर टांगून ठेवावा. दोन महिन्यांनी फॉइल काढून दोन अर्धांची तुलना केली की मोजमापाशिवायही फरक कळतो. सरस साहित्यात तो जेमतेम दिसतो.

सहावी पायरी: मागची शीट

सनबोर्ड, म्हणजे फुगवलेली पीव्हीसी शीट, हलकी आणि स्वस्त असते, पण ती घराबाहेरची नाही. भर उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो. त्या तापमानाला पीव्हीसी मऊ पडू लागते आणि शीट पोट काढते. बाहेरच्या पाटीसाठी एसीपी शीट, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा, घ्यावी. एकूण जाडी ३ की ४ मिलिमीटर यापेक्षा पत्र्याची जाडी महत्त्वाची आहे. ती निदान ०.२५ मिलिमीटर असावी आणि कापलेल्या कडेला मोजून घ्यावी. रंगाचा थर पीव्हीडीएफचा असेल तर तो साध्या पॉलिएस्टर थरापेक्षा उन्हात खूपच जास्त टिकतो. वरची संरक्षक फिल्म लावणी झाल्याबरोबर काढावी. ती महिनोनमहिने उन्हात राहिली तर पृष्ठभागाला भाजून चिकटते.

अ‍ॅक्रिलिक वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, ते खरोखर अ‍ॅक्रिलिक आहे याची खात्री करावी, कारण त्याच्यासारखी दिसणारी पॉलीस्टायरीनची शीट काही महिन्यांत पिवळी पडून तडकते. दुसरी गोष्ट प्रसरणाची. ८ फुटी अ‍ॅक्रिलिक शीट तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ६ ते ७ मिलिमीटरने वाढते किंवा आकसते. तेवढ्याच लांबीचे अ‍ॅल्युमिनियम दोन-सव्वादोन मिलिमीटरने. स्क्रूचे भोक स्क्रूएवढेच पाडून करकचून आवळले, तर उन्हाळ्यात शीट फुगते आणि हिवाळ्याच्या पहाटे भोकापासून तडा जातो. भोके मोठी ठेवून रुंद वॉशर वापरावेत.

सातवी पायरी: चौकट आणि स्क्रू

इथे विषय टिकाऊपणाचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्याच्या शाहीर अमर शेख चौकात होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जणांचा जीव गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे वादळी पावसात होर्डिंग पडून पाच जण मृत्युमुखी पडले. दुकानाची पाटी होर्डिंगएवढी नसली तरी वाऱ्याचा नियम तिलाही लागू आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. इतर गुणक बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर या वेगाला चौरस मीटरमागे ९० किलोहून अधिक दाब येतो, आणि १० बाय ४ फुटांच्या पाटीवर तो साडेतीनशे किलोच्या घरात जातो. चौकट भिंतीत प्लॅस्टिकच्या गुट्ट्यांवर टांगलेली असेल तर हा भार कुठे जाईल याची कल्पना करावी. अँकर बोल्ट काँक्रीटच्या तुळईत किंवा स्तंभात असावेत, विटेच्या गिलाव्यात नव्हे. मोठ्या किंवा गच्चीवरच्या फलकासाठी स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला आणि महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी घेतल्याशिवाय वेल्डिंग सुरू करू नये.

चौकटीचा पाइप गंजतो तो बहुतेक वेळा वेल्डिंगच्या सांध्यापासून. वेल्डिंगचा मळ ठोकून व घासून काढल्यावरच प्राइमर लावावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरला असेल तर सांध्यावर जस्ताचे प्रमाण जास्त असलेला प्राइमर लावावा. साधे रेड ऑक्साइड गॅल्व्हनाइज्ड पृष्ठभागावर नीट धरत नाही. पाइपची वरची तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर पावसाचे पाणी आत साचून पाइप आतून सडतो आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसत राहतो. स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि अ‍ॅल्युमिनियमशी थेट स्पर्श टाळण्यासाठी खाली नायलॉनचा वॉशर टाकावा. पांढऱ्या पाटीवरून ओघळलेल्या तपकिरी रेघा स्वस्त स्क्रूमुळे येतात, आणि लॅमिनेशनवरून त्या पूर्णपणे निघत नाहीत.

आठवी पायरी: आत दिवे असतील तर

ग्लो साइनचा पेटारा पूर्णपणे हवाबंद करण्याचा प्रयत्न बहुतेकदा फसतो; आत दव धरते आणि पाणी साचते. तळाला जाळी लावलेली लहान भोके ठेवून पाण्याला वाट द्यावी. एलईडी मॉड्यूल आयपी ६७ प्रतीचे घ्यावे. यातला सहाचा आकडा धुळीपासून पूर्ण बचाव आणि सातचा आकडा अर्धा तास एक मीटर पाण्यात तग धरणे दाखवतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, मॉड्यूल घेताना वीजपुरवठ्याच्या एसएमपीएसची प्रतही विचारावी, कारण दिव्यांच्या आधी तोच जळतो. तो पेटाऱ्याच्या तळाशी ठेवू नये, आणि त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार त्याच्यावर टाकू नये. चौकटीला अर्थिंग हवेच.

नववी पायरी: दरपत्रकात काय लिहून घ्यावे

‘व्हिनाईल विथ लॅमिनेशन ऑन एसीपी’ अशी एक ओळ पुरेशी नाही. फिल्मची कंपनी व जात, लॅमिनेशनची जात, शाई, एसीपीच्या पत्र्याची जाडी व थर, पाइपचा आकार व जाडी, स्क्रूची प्रत आणि हमी किती महिन्यांची व नेमकी कशाची, हे सगळे लिहून घ्यावे. रंग विटणे, कडा सुटणे आणि चौकट गंजणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी ‘पाच वर्षे बघायला नको’ म्हणणारा माणूस प्रामाणिकही असेल, पण तो यांपैकी कशाबद्दल बोलतो हे कागदावरच स्पष्ट होते. नवा फलक करतच आहात तर दुकानाचे नाव मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असल्याची खातरजमाही मसुद्यावरच करावी.

दहावी पायरी: लावणी आणि देखभाल

गोंदाची पकड बसायला साधारण २४ तास लागतात, म्हणून पावसाची शक्यता असलेल्या दिवशी व्हिनाईल चिकटवू नये. एप्रिलच्या दुपारी फिल्म ताणली जाते आणि मग आकसते. त्या महिन्यांत हे काम सकाळी लवकर करावे. डिसेंबरच्या पहाटे उलट ती कडक असते, तेव्हा ऊन वर आल्यावर सुरुवात करावी. शीट आधी साबणपाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. अ‍ॅक्रिलिकवर मात्र अल्कोहोल वापरू नये, त्याने बारीक तडे जातात.

पुण्यात बांधकामांची धूळ वर्षभर असते, आणि कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे लॅमिनेशनवर ओरखडे काढणे. आधी पाणी सोडावे, मग मऊ स्पंजने सौम्य साबण लावावा. हे वर्षातून तीनदा पुरते. वळवाचा पाऊस येण्याआधी, मार्चच्या अखेरीस, चौकटीचे बोल्ट, सांध्यांवरचा गंज आणि सुटू लागलेल्या कडा पाहून घ्याव्यात. सुटलेली कड धूळ चिकटण्याआधी हेअर ड्रायरने कोमट करून दाबली तर बसते. गोंद काळा पडल्यावर ती बसत नाही, तो भाग कापून कडेला सीलर लावावा लागतो.

छपाई विटली पण शीट आणि चौकट धड असेल, तर पूर्ण फलक काढू नये. हीट गनने गरम करत फिल्म हळूहळू सोलावी, उरलेला गोंद द्रावकाने काढावा आणि त्याच एसीपीवर नवी फिल्म चिकटवावी. जुने फ्लेक्स असेल तर ते जाळू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. गोदामातल्या मालावर किंवा बांधकामाच्या वाळूवर आच्छादन म्हणून ते आणखी एखादा पावसाळा सहज काढते.